नळीची चव

अध्यक्षसाहेब, वहिनी, गिरिजा, आणि अण्णांवर जीव असलेल्या सगळ्या मंडळींनो,

इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. सतरंज्या कमी पडल्या, मागची मंडळी जिन्यात बसलीत. अण्णांना गर्दी आवडायची नाही. दुकानात चौथं माणूस शिरलं की म्हणायचे, "पावणं, बाजार भरलाय काय हितं?" आज ते असते तर आपल्या सगळ्यांना त्यांनी हाकललं असतं.

मी वसंत खोत. बहुतेक जण ओळखता. हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो, नेमबाजीची पोरं-पोरी तयार करायचो. मला ओरडायला येतं, शिट्टी मारायला येतं. बोलायला येत नाही. आणि आज जे बोलायचंय ते तर अजिबात जमणार नाही. पण बोलल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. मध्येच कुणी बाही ओढू नका. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

आत्ता आपल्या नेमबाजी मंडळाचे अध्यक्षसाहेब म्हणाले, अण्णांचं काम थांबणार नाही. परवापासून त्यांची लेक गिरिजा दुकान उघडणार, स्पर्धा तोंडावर आल्यात, सगळ्यांनी आपापल्या रायफली आणून द्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी एकच गोष्ट सांगायला उभा आहे. गिरिजानं दुकानातल्या त्या टेबलापाशी परत बसायचं नाही. परवा नाही, स्पर्धेआधी नाही, कधीच नाही. का, ते सांगतो. सांगताना अण्णांबद्दल वाईट बोललो असं वाटलं तर वाटू दे. माझ्याबद्दल तर मी वाईटच बोलणार आहे.

गावाकडनं आलेल्या पाहुण्यांना अण्णांचं काम नेमकं काय होतं ते माहीत नसेल. इराण्णा मिस्त्री म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा माणूस, एवढं तुम्हाला ठाऊक. दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत हो. अण्णांकडं लोक यायचे ते नळी साफ करायला. गोळी शिशाची असते. शिसं मऊ. गोळी नळीतनं सुटते तेव्हा तिचं थोडं थोडं शिसं आत घासून चिकटतं, आणि नळीच्या आतल्या बारीक खाचांत भरून बसतं. वरनं बघाल तर नळी चकाचक. पण गोळी भरकटायला लागते. आज इंचभर डावीकडं, उद्या दोन इंच वर. नेमबाज बिचारा स्वतःला शिव्या घालतो, खांदा बदलतो, श्वास बदलतो, चष्म्याचा नंबर बदलून घेतो.

मी पण तेच केलं होतं. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. शाळेची एक रायफल होती, काही केल्या गोळ्यांचा गट एका जागी जमेना. मला वाटलं नळी झिजली. संस्थेला पत्रसुद्धा लिहिलं, नवी द्या म्हणून. मग कुणीतरी पेठेतल्या ह्या दुकानाचा पत्ता दिला. मी गेलो, रुबाबात टेबलावर रायफल ठेवली आणि म्हणालो, "मिस्त्री, ही कामातनं गेलेली आहे, तेवढं लिहून द्या." अण्णांनी बोल्ट काढला, नळी उन्हाकडं धरली, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पावणं, बंदूक लई चांगली हाय. तुमी मळकं हायसा."

तीन दिवसांनी रायफल दिली. पहिल्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या. तेव्हापासून मी त्यांचा झालो. शाळेतनं सुटलो की एस.टी.नं कोल्हापूर, आणि दुकानातल्या त्या एका डुगडुगत्या स्टुलावर बैठक. चहा यायचा. अण्णा बोलायचे कमी, मी बोलायचो जास्त.

आता ते काम कसं करायचे, ते सांगतो. नीट ऐका, माझ्या बोलण्याचं सगळं मूळ तिथं आहे.

अण्णांचा उस्ताद मिरजेकडचा होता. तो नळीत पारा ओतायचा. पारा शिशाला धरतो, सगळं मऊ होऊन बाहेर येतं. उस्तादाचे दात पन्नाशीच्या आत गेले, हात थरथरायला लागले, शेवटी बायकोला ओळखत नव्हता. अण्णांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून अण्णांनी पारा सोडला. त्याचा त्यांना अभिमान होता. "मास्तर, पारा म्हंजे विष. मी शिवत न्हाय. आपलं समदं सादं काम." असं म्हणायचे.

सादं काम म्हणजे काय? आधी पितळी गजाला ब्रश लावून घासायचं. करड्या भुकटीसारखं शिसं निघायचं, ते टेबलावर, हातावर, धोतरावर. मग नळीचं एक तोंड बुचानं बंद करायचं आणि आत आंबट शिरका आणि जखमेवर ओततात ते फेसाळणारं औषध घालायचं. ते आत फसफसायचं. थोड्या वेळानं बाहेर काढलं की दुधासारखं पांढुरकं पाणी. शिसं त्यात विरघळलेलं. पाण्यानं धुवायचं, चिंधी फिरवायची. झालं.

झालं नाही. एक राहिलं.

नळीत शिसं उरलंय की गेलंय, हे बघायला अण्णा डोळ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. ते नळीच्या तोंडाला ओठ लावायचे, एक फुंकर मारायचे, आणि जीभ टेकवायचे. गोड लागलं तर शिसं अजून आहे. नुसती लोखंडाची, तेलाची चव आली तर नळी स्वच्छ. गोड लागलं की परत शिरका, परत औषध, परत धुणं, परत जीभ. एकेका नळीला चार-चार, पाच-पाच वेळा. त्यांच्या हातची नळी इतकी स्वच्छ का असायची, ह्याचं उत्तर ते होतं. दुसऱ्या कुणाला ती पारख नव्हती. पुण्यामुंबईचे नेमबाज रायफल घेऊन यायचे ते ह्या जिभेसाठी.

आणि आपण काय करायचो? हसायचो. नवा नेमबाज आला, पहिल्यांदा रायफल साफ करून घेतली, की अण्णा नळी त्याच्यापुढं धरायचे. "चाखा." तो बावरायचा. आपण सगळे बाजूला उभे, दात काढत. तो चाखायचा आणि म्हणायचा, "गोड हाय की." मग अण्णा म्हणायचे, "मग अजून दोन दिस ऱ्हाऊ द्या." ही आपली रीत होती. त्याशिवाय माणूस आपल्यातला झाला असं वाटायचं नाही. इथं बसलेल्यांतल्या किती जणांनी ती नळी चाखलीय? हात वर करू नका. मला तोंडं ओळखू येतात. मी स्वतः चाखलीय, आणि माझ्या शाळेतल्या पोरींना मी स्वतः आणून चाखवलीय. त्यातल्या दोघी समोर बसल्यात.

ती गोडी शिशाची होती. तो पांढुरका पदार्थ साखरेसारखा गोड लागतो आणि तो विष आहे. पाऱ्याला शिवत नव्हता तो माणूस. पाऱ्याला भिऊन आयुष्यभर लांब राहिला आणि हे रोज जिभेवर घेत राहिला. त्याच हातांनी टेबलावरच भाकरी मोडायचे. मी समोर बसून त्यांच्यातली अर्धी खायचो.

चार-पाच वर्षांपूर्वी अण्णांचं पोट दुखायला लागलं. कळ आली की टेबलाची कड धरून बसायचे. वहिनी ओवा द्यायच्या, हिंग लावायच्या. वजन उतरलं. चेहरा पांढराफटक पडला. मग चिडचिड सुरू झाली. अण्णा चिडणारा माणूस नव्हता हो. टोचून बोलायचे, पण चिडायचे नाहीत. एकदा चहा आणणाऱ्या बाईवर पेला फेकला आणि नंतर मला विचारलं, "मी फेकला व्हय?" त्यांना आठवतच नव्हतं. लोक म्हणाले वय झालं. कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन या. वहिनी वाडीला पण जाऊन आल्या.

मग हात. त्याची सुरुवात कशी झाली ते मी बघितलं, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

अण्णा रोज दुकान उघडलं की कपाळाला विभूती लावायचे. तीन बोटं. तीन सरळ रेघा, एकाखाली एक, आखल्यासारख्या. एक दिवस मी गेलो तर कपाळावर दोनच रेघा, त्यातली एक वाकडी. मी चेष्टा केली, "अण्णा, आज घाईत हुता काय?" हसले. काही दिवसांनी एकच रेघ. मधली दोन बोटं उचलतच नव्हती. हात पालथा धरला की ती दोन बोटं खाली लोंबायची. मग सगळी बोटं. मग मनगटच खाली पडलं, धुणं वाळत घातल्यासारखं. उजवा आधी, डावा नंतर. पितळी गज हातात धरवेना.

तेव्हा गिरिजा टेबलापाशी बसली. त्याला आता दोन वर्षं होतील. तिला कुणी बसवली नाही. ती स्वतः आली. शिकवणीचे वर्ग घेत होती, ते सोडले आणि म्हणाली, "अप्पा, तुमी सांगा, मी करते." अण्णा बाजूला खुर्चीत बसून सांगायचे. हात पडलेले, पण तोंड शाबूत होतं. "हलकं घास. जोर लावू नको. गज फिरंल तसा फिरू दे." आणि शेवटी, "आता चाख."

मी समोर स्टुलावर होतो. ऐकत होतो. मला छान वाटायचं. बाप-लेकीचं काम बघून डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. आज त्याच डोळ्यांची लाज वाटते.

आता आठ महिन्यांपूर्वीचं. एका दिवशी अण्णांना फिट आली. मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वहिनी आणि गिरिजा गावी गेल्या होत्या. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं अण्णांचा ओठ खाली ओढून हिरडी बघितली. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ. मग मनगट बघितलं. मग विचारलं, "काका, तुमचं काम काय?" अण्णांनी सांगितलं. डॉक्टरनं लगेच सुई मागवली. रक्त काढून मुंबईला पाठवलं. आठवड्यानं बोलावलं, आणि सांगितलं, रक्तात शिसं आहे, इतकं आहे की हा माणूस माझ्यासमोर बसून बोलतोय ह्याचंच मला नवल वाटतंय. किडन्या गेल्यातच जमा होत्या.

मग त्यानं विचारलं, "घरात अजून कोण करतं हे काम?"

अण्णा म्हणाले, "कोन न्हाई."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. मंडळी, मी शेजारच्या खुर्चीत होतो. मला तोंड उघडता आलं असतं. मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरनं कागदावर लिहिलं. रिपोर्ट माझ्याच खिशात ठेवून आम्ही बाहेर पडलो.

अण्णा म्हणाले, कळंब्याला चला. आम्ही तळ्यावर जाऊन बसलो. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील, बायका धुणं धूत होत्या. मी म्हणालो, "अण्णा, गिरिजाला आजच्या आज उठवायला पायजे." ते म्हणाले, "न्हाय." मी म्हणालो, "येड लागलंय काय तुमाला? डॉक्टर काय म्हणाला ऐकलं न्हाय व्हय?" ते म्हणाले, "ऐकलं. मला चाळीस वर्सं लागली मरायला. तिला दोन वर्सांत काय हुतंय? अजून वर्षभर बसू दे. अर्धं तिला आलंय, अर्धं ऱ्हायलंय. तेवढं झालं की मीच सांगतो तिला, की बाई आता चाखू नको, तुला नुसतं बघून कळंल." मी म्हणालो, "आणि न्हाय कळलं तर?"

मग त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग बाहेर काढलं. त्या पडलेल्या हातांनी ते त्यांना तळहातावर नीट धरतासुद्धा येत नव्हतं. मला म्हणाले, "ह्याच्यावर हात ठेव. मी हाय तवर पोरीला सांगणार न्हाय म्हण." बारा-तेरा वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मला अरेतुरे पण त्या दिवशी पहिल्यांदा केलं. मी हात ठेवला. म्हणालो.

अण्णा, तुमच्यावर माझा राग आहे. तुमच्या फोटोसमोर उभा राहून सांगतो. तुम्ही देवमाणूस होता असं मघापासून सगळे म्हणालेत, आणि होताच तुम्ही. पण पोटच्या पोरीपेक्षा तुम्हाला ती पारख मोठी वाटली. ती तुमच्याबरोबर मरेल ह्याचं भय तुम्हाला जास्त होतं. लेक मरेल ह्याचं कमी होतं. हे मला आठ महिने गिळता आलेलं नाही.

आणि मी? मी शपथेचं निमित्त केलं. लोकांना सांगायला बरं आहे, हात ठेवला होता म्हणून गप्प बसलो. खरं तसं नाही. त्या आठ महिन्यांत जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. माझ्याकडं शिकणाऱ्या दोन मुली त्यात होत्या. त्यांच्या रायफली मी स्वतः गिरिजाकडं नेऊन दिल्या. सगळं माहीत असताना दिल्या. आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, ह्या नळीनं लई दमवलं. सा येळा चाखली." मी म्हणालो, "शाब्बास." काय म्हणालो मी? शाब्बास म्हणालो. त्या मुलींनी पदकं आणली. मी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. त्या पदकांकडं आता बघवत नाही मला.

अण्णा गेले. नऊ दिवस झाले आज. शपथ त्यांच्याबरोबर संपली, तरी मी पहिले चार दिवस गप्पच होतो. म्हणालो, दुःखाचे दिवस आहेत, होऊ दे थोडं शांत. हा आपला नेहमीचा पळपुटेपणा. पाचव्या दिवशी घरी गेलो. जंगम आले होते, पूजा चालली होती. गिरिजानं विभूती घेतली आणि कपाळाला लावली. मी समोर बसलो होतो.

एक रेघ उमटली. एकच.

तिनं परत बोटं टेकवली. परत एकच. तिला वाटलं विभूती ओली झालीय. तिनं बोटं पदराला पुसली, तिसऱ्यांदा लावली. मधली दोन बोटं वळलेलीच राहिली. तिच्या लक्षात आलं नाही. पूजा चालू राहिली, सगळ्यांनी नमस्कार केला, मी प्रसाद न घेताच उठलो.

मधले दोन दिवस डॉक्टरांना गाठून विचारण्यात गेले, आणि काल सकाळी मी जाऊन तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, रिपोर्ट, कळंबा, शपथ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, असं असतं तर अप्पांनी मला सांगितलं असतं की." मी म्हणालो, "तुझ्या अप्पांनीच सांगू दिलं न्हाय." ती म्हणाली, "तुमी मला घाबरवालाय." मी म्हणालो, "हात पुढं कर. पालथा धर. बोटं उचल." तिनं हात पालथा धरला. मधली दोन बोटं उठली नाहीत. मग हात पदरात घेतला आणि म्हणाली, "कामानं दुखतंय. मंडळाच्या सतरा रायफली दुकानात पडल्यात. शब्द दिलाय मी. अप्पांच्या नावानं दिलाय. शब्द मोडून कसं चालंल?"

वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दारात येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पिठानं भरलेले. वहिनी, तुमच्याशी नजर मिळवायची माझी लायकी नाही. अण्णांचं धोतर, त्या काळ्या चिंध्या, सगळं तीस वर्षं तुम्ही हातानं धुतलंत. तुमचं पोट दुखतं हे मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता पित्त आहे.

आता तुम्हाला कळलं, मी हे चार भिंतींआड का ठेवलं नाही? ती माझं ऐकत नाही. तिनं शब्द मला दिलेला नाही, तुम्हाला दिलाय. तिला सोडवणं माझ्या हातात नाही. तुमच्या हातात आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. नको, हात जोडत नाही, दरडावूनच सांगतो, ते मला येतं. ज्यांच्या ज्यांच्या रायफली त्या दुकानात आहेत त्यांनी उद्या सकाळी आपापल्या रायफली उचलायच्या. मळक्या आहेत तशा. परवाना दाखवायचा, सही करायची, न्यायच्या. "एवढी एकच करून दे बाई" असं म्हणणारा जो कोण निघेल त्यानं आधी माझी गाठ घ्यायची. स्पर्धेत गोळी इंचभर डावीकडं गेली तर जाऊ दे. सगळ्यांचीच जाईल. अध्यक्षसाहेब, तुम्ही मघाशी जाहीर केलंत ते आत्ता ह्या माईकवर परत घ्यायचं. माझं झालं की लगेच. मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणतोय, म्हणजे तुम्हाला बैठक बोलावतो, विचार करतो, असं म्हणता येणार नाही.

टेबलावरची ती करडी भुकटी कुणी झाडायला जाऊ नका. फुंकर तर मारूच नका. दुकानाला कुलूप असू दे. ते कसं साफ करायचं हे डॉक्टर सांगतील तसं करू.

आणि तुम्ही सगळे, ज्यांनी ती नळी हसत हसत चाखली, ज्यांच्या कपाटात शिरक्याच्या, औषधाच्या तसल्याच बाटल्या आहेत, जे घरी बायकापोरांच्या वावरात नळ्या घासत बसतात. मला तुमची बोटं बघायची नाहीत. तुमची तुम्ही बघा. रक्त तपासून घ्या. एकदा नळी चाखल्यानं माणूस मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मी चाखलीय, अण्णांच्या टेबलावर बारा-तेरा वर्षं भाकरी खाल्लीय, आणि हल्ली मला पण शब्द आठवत नाहीत. वयानं असेल. नसेलही.

गिरिजा, तुझ्या बापाला चाळीस वर्षं लागली आणि तुला दोन. का, ते डॉक्टर सांगतील. कुणाचं शरीर लवकर धरतं म्हणाले, आणि तू घाईघाईनं दिवसाला तीन-तीन नळ्या करत होतीस. पण ते हेही म्हणाले, की आत्ता थांबलं तर औषध आहे. बोटं परत येतात. सगळ्यांची येतात असं म्हणाले नाहीत, पुष्कळांची येतात म्हणाले. आत्ता थांबलं तर. मी दोनदा विचारून घेतलं.

तू म्हणशील, अप्पांची विद्या बुडाली. बुडू दे, पोरी. ती तेवढीच होती. तुझ्या बापाला नळीतलं कणभर शिसं कळायचं. स्वतःच्या अंगातलं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यानं तुझ्यापासून लपवलं. त्याला माफ करायचं की नाही ते तू नंतर सावकाश ठरव. मलाही करू नकोस लगेच.

आता शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. तुम्ही उभं राहा. अण्णांसाठी मनापासून उभं राहा, त्यांच्यासारखा माणूस ह्या कोल्हापुरात परत व्हायचा नाही. मला मात्र जमणार नाही. मी आठ महिने गप्प उभा होतो. ह्याच्यापुढं दोन मिनिटं पण माझ्याच्यानं गप्प उभं राहवणार नाही. आत्ता सव्वापाच झालेत. डॉक्टर सहापर्यंत थांबतो म्हणालेत, रक्त आज घेतलं तर रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाईल. रिक्षा खाली उभी आहे.

अण्णा, तुमच्याच रीतीनं नमस्कार करतो. शरणु शरणार्थी.

वहिनी, तुम्ही पण चला. गिरिजा, ऊठ. चपला घाल.